यूझनेट

यूझनेट : परस्परांशी जोडलेल्या संगणकांच्या साहाय्याने विषयवार सार्वजनिक चर्चा चालविण्याची एक विकेंद्रित व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर कॅरोलायना राज्यात १९७९–८० मध्ये तिचा उगम झाला. एखाद्या सहभागी संगणकावर लिहिलेला मजकूर विशिष्ट विषयाच्या समूहात दाखल केला की, तो एका संगणकावरून दुसऱ्यावर असा क्रमाक्रमाने पुढे जातो आणि जगभरच्या सहभागी संगणकांवर वाचकांना उपलब्ध होतो. अशा प्रत्येक विषयवार समूहाला वृत्तसमूह ही संज्ञा रूढ झाली. तथापि त्यात वृत्तांपेक्षा प्रश्नोत्तरे, वादविवाद, परीक्षणे व अनुभवकथन यांचाच भरणा अधिक असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकजालावरील सार्वजनिक चर्चेचे हे प्रमुख पीठ होते. पुढे जागतिक जाळ्यावरील संकेतस्थळे व नंतर समाजमाध्यमे यांचा प्रसार झाल्यावर त्याला उतरती कळा लागली. यूझनेटचा ऱ्हास हा केवळ एका तंत्राचा अस्त नव्हे. सार्वजनिक चर्चेचे नियमन कोणी करावे, तिचा खर्च कोणी सोसावा व तिचा अभिलेख कोणी जपावा, हे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत.

पूर्वपीठिका : संगणकाद्वारे सामूहिक चर्चा करण्याचे प्रयोग यूझनेटच्या आधीच सुरू झाले होते. इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक प्रणालीवर १९७३ मध्ये ‘नोट्स’ ही टिपणे व उत्तरे लिहिण्याची सोय करण्यात आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अनुदानातून १९६९ मध्ये उभारलेल्या आर्पानेट या संगणकजालावर सत्तरीच्या दशकात टपालयाद्या प्रचारात आल्या. यादीच्या पत्त्यावर पाठविलेले एक पत्र यादीतील सर्वांना पोहोचावे, अशी ही योजना होती. शिकागो येथे फेब्रुवारी १९७८ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोन हौशी संगणकज्ञांनी पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. साध्या दूरध्वनीवरून त्याच्याशी संपर्क साधता येई. मात्र एका वेळी एकाच व्यक्तीला तो वापरता येत असे. या तिन्ही प्रकारांना मर्यादा होत्या. प्लेटोचा वापर त्या प्रणालीपुरता होता, आर्पानेटवर प्रवेश मुख्यतः संरक्षण खात्याशी संबंधित संशोधन करणाऱ्या संस्थांनाच मिळे आणि सूचनाफलक एका गावापुरता, एका यंत्रावर चाले.

स्थापना : आर्पानेटशी जोडलेले नसलेल्या विद्यापीठांची अडचण हेच यूझनेटच्या निर्मितीचे कारण ठरले. बेल प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) एका संगणकावरील धारिका दूरध्वनीमार्गे दुसऱ्या संगणकावर नकलण्याची ‘यूयूसीपी’ ही सोय अंतर्भूत होती. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ च्या अखेरीस तिचा उपयोग करून संदेशांची देवघेव करण्याची कल्पना मांडली. चॅपेल हिल येथील उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली प्रायोगिक आज्ञावली लिहिली. स्टीव्हन डॅनियल यांनी ती सी या संगणकीय भाषेत नव्याने रचली. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांच्या मेळाव्यात ही योजना जाहीर करण्यात आली. दिवसाकाठी एकदोन संदेश येतील, असा तिच्या जनकांचा अंदाज होता. आर्पानेटच्या तुलनेत तिला लागणारा खर्च किरकोळ असल्यामुळे तिला ‘गरिबांचे आर्पानेट’ असेही म्हटले जाई.

संदेशांची संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढल्याने मूळ आज्ञावली अपुरी पडू लागली. म्हणून बर्कली येथे मार्क हॉर्टन व मॅट ग्लिकमन यांनी तिची दुसरी आवृत्ती तयार केली (१९८१–८२). बर्कलीच्याच द्वारे आर्पानेटवरील टपालयाद्यांचा मजकूर यूझनेटवर येऊ लागला व दोन्ही जाळ्यांतील लोकांचा परस्परांशी संबंध जडला. संदेशांच्या रचनेचे प्रमाणीकरण १९८३ मध्ये झाले. ब्रायन कँटर व फिल लॅप्स्ली यांनी इंटरनेटच्या संपर्कपद्धतीला अनुरूप असा ‘एनएनटीपी’ हा संदेशवहनाचा संकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध केल्यावर दूरध्वनीऐवजी इंटरनेटवरून संदेशांचे वहन सुरू झाले [→ इंटरनेट].

कार्यपद्धती : यूझनेटला मध्यवर्ती संगणक नाही. प्रत्येक सहभागी संस्था आपला एक सेवासंगणक ठेवते आणि शेजारच्या एका किंवा अनेक सेवासंगणकांशी देवघेवीचा करार करते. वाचकाने लिहिलेला संदेश प्रथम त्याच्या संस्थेच्या सेवासंगणकावर जमा होतो. तेथून तो शेजाऱ्यांकडे, त्यांच्याकडून पुढच्या शेजाऱ्यांकडे जातो. पाणी जसे सर्व दिशांनी पसरत जाते तसा हा प्रकार आहे. एकच संदेश दोन वाटांनी आला, तर त्याची दुबार नोंद होऊ नये म्हणून प्रत्येक संदेशाला एकमेवाद्वितीय असा ओळखक्रमांक दिलेला असतो. संदेश ज्या ज्या सेवासंगणकांमधून आला, त्यांची नावेही त्याच्या शीर्षभागात क्रमाने नोंदली जातात. संदेश कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून लिहिला आहे, याची नोंद शीर्षभागातच असल्याने वाचकाच्या संगणकावर मूळ प्रश्न, त्याची उत्तरे व उपउत्तरे वंशवृक्षाप्रमाणे मांडून दाखविता येतात.

या रचनेचे तीन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. एक, कोणत्याही एका संस्थेला संपूर्ण व्यवस्था बंद पाडता येत नाही. एखादा सेवासंगणक बंद झाला, तरी इतरांकडील प्रती शिल्लक राहतात. दोन, वाचनाचे साधन वाचकाच्या हाती राहते. कोणते समूह पाहावयाचे, संदेश कोणत्या क्रमाने लावावयाचे आणि कोणत्या लेखकांचे वा विषयांचे संदेश वगळावयाचे, हे वाचक स्वतःच्या वाचन-आज्ञावलीत ठरवितो. तीन, साठवणीची जागा मर्यादित असल्यामुळे जुने संदेश काही दिवसांनी वा आठवड्यांनी आपोआप पुसले जात. म्हणजे यूझनेटची मूळ व्यवस्था ही प्रसारणाची होती, जतनाची नव्हे. पुढे उद्भवलेल्या अभिलेखाच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

समूहांची वर्गवारी : प्रारंभीचे समूह तीन ढोबळ वर्गांत मोडत. समूहांची संख्या वाढल्यावर १९८६–८७ मध्ये त्यांची सर्वस्वी नवी मांडणी करण्यात आली. यूझनेटच्या इतिहासात ही घटना ‘महानामांतर’ म्हणून ओळखली जाते. संगणक, विज्ञान, मनोरंजन व छंद, समाज व संस्कृती, वादविवाद, यूझनेटचे स्वतःचे व्यवहार आणि संकीर्ण असे सात मुख्य वर्ग पाडण्यात आले; मानव्यविद्यांचा आठवा वर्ग १९९० नंतरच्या दशकात जोडला गेला. नामांतरामागे केवळ सुव्यवस्थेचा हेतू नव्हता. अटलांटिकपलीकडे संदेश पाठविण्याचा दूरध्वनीखर्च मोठा असल्याने यूरोपातील संस्थांना निष्फळ वादांचे समूह वगळण्याची सोय हवी होती. अशा समूहांचा स्वतंत्र वर्ग केल्याने ती झाली. चर्चेचा आशय आणि तिच्या वहनाचा खर्च यांचा संबंध या प्रकारे प्रथमच उघड झाला.

मुख्य वर्गांत नवा समूह काढण्यासाठी प्रस्ताव मांडून त्यावर जाहीर चर्चा व नंतर मतदान घेण्याची प्रथा होती. प्रस्तावाच्या बाजूची मते विरोधी मतांपेक्षा किमान १०० ने अधिक आणि एकूण मतांच्या किमान दोन-तृतीयांश असावी लागत. ही पद्धती ज्यांना जाचक वाटली, त्यांनी १९८७ मध्ये ‘आल्ट’ हा पर्यायी वर्ग स्थापन केला. त्यात मतदानाविना समूह काढता येत असे. काही समूहांना नियंत्रक असत व त्यांच्या संमतीनेच संदेश प्रसिद्ध होत. बहुसंख्य समूह मात्र अनियंत्रित होते.

संकेत व शिष्टाचार : लिखित कायदा व दंडशक्ती नसताना इतक्या मोठ्या समुदायाचे व्यवहार चालले ते मुख्यतः रूढ संकेतांमुळे. नवागताने काही काळ केवळ वाचन करावे, विषयाला सोडून लिहू नये, उत्तर देताना मूळ मजकुरापैकी आवश्यक तेवढाच भाग उद्धृत करावा, एकच संदेश अनेक समूहांत टाकू नये, असे ते संकेत होते. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जात असल्याने अनुभवी सभासद ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ अशा शीर्षकाची उत्तरपत्रके तयार करून ठराविक काळाने प्रसिद्ध करीत. पुढे संकेतस्थळांवर सर्वत्र दिसू लागलेल्या या प्रकाराचा प्रसार मुख्यत्वे यूझनेटमुळे झाला. लांबत जाणाऱ्या वादात कोणीतरी प्रतिपक्षाची तुलना हिटलरशी वा नाझींशी करणारच, हे माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडलेले मिश्किल निरीक्षणही यूझनेटवरील अनुभवातूनच आले. त्यावरून तेथील चर्चा नेहमीच सौजन्यपूर्ण असत असे नाही, हेही स्पष्ट होते. व्यक्तिगत निंदा, नवख्यांचा उपहास व स्त्रियांना उद्देशून असभ्य लेखन हे दोष तेव्हाही होते. शिवाय संगणक व जालाची सोय विद्यापीठे, संशोधनसंस्था व मोठ्या कंपन्या यांनाच परवडत असल्याने सहभागींचा वर्ग दीर्घकाळ मर्यादित, बहुतांशी इंग्रजी जाणणारा व तंत्रज्ञ असाच राहिला.

उल्लेखनीय घटना : संगणकविद्येच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या घोषणा यूझनेटवरच प्रथम झाल्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त परिचालन प्रणालीची योजना २७ सप्टेंबर १९८३ रोजी युनिक्सविषयक समूहात जाहीर केली. टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळ्याची माहिती ऑगस्ट १९९१ मध्ये संबंधित समूहात दिली. त्याच महिन्यात, २५ तारखेस, फिनलंडमधील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक परिचालन प्रणाली लिहीत असल्याचे कळवून वाचकांच्या सूचना मागविल्या. तीच प्रणाली पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्धीस आली. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचॉव्ह यांच्याविरुद्ध उठावाचा प्रयत्न झाला, तेव्हा ‘रेलकॉम’ या सोव्हिएट संगणकजालावरून निघालेली वृत्ते यूझनेटद्वारे बाहेरच्या जगाला मिळत राहिली.

भारतीय व मराठी सहभाग : भारतात शैक्षणिक व संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या प्रकल्पास १९८६ मध्ये प्रारंभ झाला; मुंबईतील भारतीय तंत्रविद्या संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा त्यात प्रारंभापासून सहभाग होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यामुळे त्यापूर्वी यूझनेटवर लिहिणारे भारतीय हे बहुतांशी अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थी व तेथे नोकरी करणारे तंत्रज्ञ होते. समाज व संस्कृती या वर्गात भारताविषयी एक मोठा समूह होता आणि त्याच्या शाखा म्हणून मराठी, गुजराती, तेलुगू इ. भाषिकांचे, तसेच गोवा, केरळ, कर्नाटक इ. प्रदेशांचे समूह निघाले. भारतीय संगीताचे व क्रिकेटचे समूहही गजबजलेले असत. घरापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्यांना सणवार, पाककृती, नाटके, राजकारण व विमानप्रवासाची माहिती यांविषयी परस्परांशी बोलण्याचे ते एक साधन होते.

त्या काळी संदेशांत देवनागरी लिपी वापरण्याची सोय नव्हती. मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा लागे आणि प्रत्येकाची लेखनपद्धती निराळी असल्याने वाचन कष्टाचे होई. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’ या लिप्यंतर पद्धतीमुळे रोमन अक्षरांवरून देवनागरी मुद्रण करणे शक्य झाले. हिंदी चित्रपटगीतांच्या समूहातील सभासदांनी याच पद्धतीने शेकडो गीतांचा संग्रह सहकार्याने तयार केला. ग्रंथालयात सहसा न मिळणारी माहिती विखुरलेल्या हौशी लोकांनी विनामोबदला एकत्र केल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. यूझनेटबाहेर, पण त्याच धर्तीवर, जगभरच्या गोमंतकीयांसाठी ‘गोवानेट’ ही टपालयादी १९९४ मध्ये सुरू झाली. मराठी भाषकांचे ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये निघाले. पुढे यूनिकोड या संकेतप्रणालीमुळे देवनागरी लेखन सुलभ झाल्यावर ‘मनोगत’ (२००४), ‘मिसळपाव’ (२००७) इ. संकेतस्थळांवर मराठीतील जालीय चर्चा बहरली.

ऱ्हासाची कारणे : यूझनेटच्या ऱ्हासाचे कारण म्हणून समाजमाध्यमांकडे बोट दाखविले जाते. ते अंशतःच खरे आहे. कारण ऱ्हासाची प्रक्रिया त्यांच्या उदयापूर्वी सु. दहा वर्षे सुरू झाली होती. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) नवागतांचा ओघ : दर वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन विद्यापीठांत नवे विद्यार्थी दाखल होत व संकेत माहीत नसल्याने काही आठवडे समूहांत गोंधळ माजे, पुढे ते रुळत. १९९३ पासून व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना यूझनेट खुले केले. अमेरिका ऑनलाइन या मोठ्या कंपनीने मार्च १९९४ मध्ये तसे केले. नवागतांची संख्या जुन्यांना सामावून घेता येणार नाही इतकी वाढली. सप्टेंबर १९९३ हा ‘कधीही न संपलेला सप्टेंबर’ आहे, असे तेव्हापासून म्हटले जाऊ लागले. यातील नवख्यांविषयीची तुच्छता सोडून दिली, तरी मुख्य निरीक्षण यथार्थ आहे. संकेत लिहून ठेवल्याने टिकत नाहीत. जुन्यांच्या सहवासात ते शिकले जातात व त्यासाठी जुन्यानव्यांचे प्रमाण मर्यादेत असावे लागते.

(२) जाहिरातींचा उपद्रव : एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यांच्या सोडतीची जाहिरात हजारो समूहांत एकदम टाकली. तीव्र निषेध होऊनही या प्रकाराला आळा बसला नाही. संदेश पाठविणाऱ्याला जवळजवळ फुकट पडतो व खर्च मात्र इतरांवर पडतो, या रचनेचा हा गैरफायदा होता. केंद्रीय सत्ता नसणे हे जे यूझनेटचे बळ, तेच येथे वैगुण्य ठरले. अनियंत्रित समूह कचऱ्याने भरू लागले व जाणते सभासद काढता पाय घेऊ लागले.

(३) मोठ्या धारिकांचा भार : ‘आल्ट’ वर्गातील काही समूहांचा उपयोग चित्रे, संगीत, चित्रपट व आज्ञावली यांच्या बऱ्याचदा बेकायदेशीर प्रती वाटण्यासाठी होऊ लागला. चर्चेच्या मजकुराच्या अनेक पटींनी जागा या धारिका व्यापीत. परिणामी सेवासंगणक चालविणे संस्थांना परवडेनासे झाले.

(४) जागतिक जाळे : १९९५ नंतर संकेतस्थळांवरील चर्चापीठे लोकप्रिय झाली. त्यांना वेगळी वाचन-आज्ञावली लागत नसे, चित्रे सहज दाखविता येत आणि मालकाला आक्षेपार्ह मजकूर काढून टाकता येई. सभासदांनी सोय व सुव्यवस्था यांच्या बदल्यात स्वायत्तता सोडून दिली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

(५) समाजमाध्यमे : फेसबुक २००४ मध्ये, रेडिट २००५ मध्ये, ट्विटर २००६ मध्ये व व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झाले. भारतात गूगलचे ऑर्कुट (२००४–१४) अत्यंत लोकप्रिय होते. भ्रमणध्वनीवर इंटरनेट आल्यावर या माध्यमांचा विस्तार झपाट्याने झाला आणि यूझनेटच नव्हे, तर त्याची जागा घेणारी संकेतस्थळीय चर्चापीठे व टपालयाद्याही मागे पडल्या.

(६) सेवांची समाप्ती : वाचक घटल्याने व खर्च वाढल्याने संस्थांनी आपापली दारे बंद केली. अमेरिका ऑनलाइनने २००५ मध्ये यूझनेट सेवा थांबविली. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे काही समूहांत आढळल्यावर २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांवर दबाव आणला व अनेक कंपन्यांनी ही सेवा अंशतः वा पूर्णतः बंद केली. ज्या ड्यूक विद्यापीठात यूझनेटचा जन्म झाला, त्याने २० मे २०१० रोजी आपला सेवासंगणक बंद केला.

समाजमाध्यमांशी तुलना : जुने चर्चासमूह व समाजमाध्यमे यांतील मूलभूत भेद संघटनाच्या तत्त्वात आहे. चर्चासमूहात विषय हा पाया असतो. वाचक विषयाकडे येतो व तेथे त्याला अपरिचित व्यक्ती भेटतात. समाजमाध्यमात व्यक्ती हा पाया असतो. वाचक परिचितांचे वा प्रसिद्ध व्यक्तींचे अनुसरण करतो आणि ते जे बोलतील ते विषय त्याच्यापुढे येतात. फेसबुकने २००६ मध्ये परिचितांच्या नोंदींचा एकत्रित ओघ दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून ही दुसरी पद्धती सर्वसामान्य झाली.

दुसरा भेद क्रमाचा. यूझनेटवर उत्तर ज्या प्रश्नाला असेल त्याखालीच लागे व जुनी चर्चा नव्या उत्तराने पुन्हा जागी होई. समाजमाध्यमांत मजकुराचा क्रम कंपनीची आज्ञावली ठरविते व वाचकाला अधिकाधिक वेळ गुंतवून ठेवणे हा तिचा प्रमुख निकष असतो. कारण कंपनीचे उत्पन्न जाहिरातींतून येते. सावकाश, अनेक दिवस चालणाऱ्या युक्तिवादाला अशा ओघात स्थान मिळणे कठीण असते. तिसरा भेद मालकीचा. यूझनेटचा मालक कोणी नव्हता. समाजमाध्यमातील समूह कितीही मोठा असला, तरी तो खाजगी मालकीच्या जागेत भरतो व तेथील नियम मालक बदलू शकतो. रेडिट या माध्यमाने आपल्या माहितीसाठ्याच्या वापरावर शुल्क आकारण्याचे ठरविले, तेव्हा जून २०२३ मध्ये हजारो समूहांच्या विनावेतन नियंत्रकांनी आपले समूह बंद ठेवून निषेध केला. कंपनीने मुख्य निर्णय बदलला नाही. चौथा भेद दृश्यतेचा. व्हॉट्सॲपवरील गट वा फेसबुकवरील बंदिस्त समूह यांतील चर्चा बाहेरच्या व्यक्तीला शोधून सापडत नाही. एखाद्या दुर्मिळ व्याधीचा, जुन्या यंत्राच्या दुरुस्तीचा वा एखाद्या गीताच्या पाठभेदाचा उलगडा अशा गटात झाला, तरी तो त्या गटापुरताच राहतो व कालांतराने नव्या संदेशांखाली गाडला जातो.

समाजमाध्यमांच्या बाजूनेही काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ज्यांनी संगणक कधी हाताळला नव्हता अशा कोट्यवधी लोकांना त्यांनी लिहिते केले. प्रादेशिक भाषा, ध्वनी व चित्रे यांचा वापर त्यांत सहज होतो. बंदिस्त गटातील खाजगीपणा हा अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, सार्वजनिक समूहातील उपद्रवापेक्षा सुरक्षित वाटतो. जुन्या समूहांच्या गुणांचे स्मरण करताना त्यांची दारे फार थोड्यांनाच उघडी होती, याचे विस्मरण होऊ नये.

अभिलेखाचा प्रश्न : यूझनेटवरील संदेश अल्पजीवी असले, तरी काही व्यक्तींनी ते स्वतःहून जपून ठेवले. टोराँटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील सु. २० लाख संदेश १४१ चुंबकीय फितींवर साठविले होते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘देजा न्यूज’ या कंपनीने संदेशांचा शोधण्याजोगा साठा उभारला. ५० कोटींहून अधिक संदेशांचा हा साठा गूगलने फेब्रुवारी २००१ मध्ये विकत घेतला व डिसेंबर २००१ मध्ये स्पेन्सर यांच्या फितींतील संदेशांची त्यात भर घातली. या प्रकारे एका सार्वजनिक व्यवहाराचा सर्वांत मोठा अभिलेख एका खाजगी कंपनीकडे गेला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूझनेटचे नवे संदेश स्वीकारणे व दाखविणे थांबविले. त्यापूर्वीचा साठा मात्र वाचनासाठी ठेवला.

याहून वाईट प्रसंग इतर चर्चासमूहांवर ओढवले. भारतातील व परदेशस्थ भारतीयांच्या असंख्य मंडळांनी वापरलेली ‘याहू ग्रूप्स’ ही टपालयाद्यांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तत्पूर्वी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने साठविलेला मजकूर काढून टाकण्याची सूचना दिली व काही महिन्यांतच तो नष्ट केला. स्वयंसेवकांनी मुदतीच्या आत शक्य तितका वाचविला. ज्या समूहांचे चालक तोवर निवृत्त वा दिवंगत झाले होते, त्यांचा बराच मजकूर कायमचा गेला. चित्रपटविषयक आयएमडीबी या संकेतस्थळाने आपली चर्चापीठे फेब्रुवारी २०१७ मध्ये अशीच बंद केली. छापील नियतकालिक बंद पडले, तरी त्याचे अंक ग्रंथालयांत राहतात. संगणकीय चर्चापीठ बंद पडले की, बहुधा त्याची एकमेव प्रत नाहीशी होते. भावी इतिहासकाराला १९८५ मधील तंत्रज्ञ परस्परांशी काय बोलत होते हे सापडेल. पण २०१५ मधील सामान्य कुटुंबे व व्यावसायिक मंडळे काय बोलत होती हे सापडणार नाही, अशी विपरीत स्थिती यातून उद्भवली आहे.

सद्यःस्थिती : यूझनेट पूर्णतः लोपलेले नाही. स्वयंसेवी व सशुल्क सेवासंगणक अद्याप चालू असून काही तांत्रिक व छांदिष्ट समूहांत चर्चाही चालते. मोठ्या धारिकांच्या वाटपासाठी सशुल्क सेवांचा वापर होतो. चर्चासमूहांची मूळ परंपरा इतरत्रही टिकून आहे. लिनक्सच्या विकासाचे काम व इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरविण्याचे काम आजही मोठ्या प्रमाणात खुल्या टपालयाद्यांवर चालते, कारण निर्णयामागील युक्तिवाद कायम उपलब्ध राहणे तेथे आवश्यक असते. विकिपीडियावरील चर्चापाने, तसेच आज्ञावलीकारांसाठी २००८ मध्ये निघालेले ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ यांवर यूझनेटच्या प्रथांची छाप स्पष्ट दिसते.

मूल्यमापन : यूझनेटच्या इतिहासावरून असे दिसते की, सार्वजनिक चर्चेला तीन गोष्टी लागतात : प्रवेशाचे दार, वर्तनाचे नियमन आणि स्मृतीचे जतन. यूझनेटने दाराला मालक ठेवला नाही. परंतु नियमनाचे साधन उभे केले नाही आणि जतन काही व्यक्तींच्या चिकाटीवर सोडले. समाजमाध्यमांनी दार अतिशय रुंद केले व नियमन स्वतःकडे घेतले. जतन मात्र व्यापारी सोयीवर अवलंबून ठेवले. तिन्ही गोष्टी एकत्र साधणारी व्यवस्था अद्याप मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेली नाही. संतसाहित्याच्या हस्तलिखितांपासून जुन्या नियतकालिकांपर्यंत जतनाचे काम महाराष्ट्रात ग्रंथालयांनी व संशोधन मंडळांनी केले आहे. मराठीतील जालीय चर्चा ही त्याच प्रकारची साधनसामग्री आहे, हे मान्य करून ती संबंधितांच्या संमतीने वेळीच नकलून ठेवणे, हाच तूर्त उपलब्ध असलेला उपाय होय. चर्चापीठ चालू असतानाच हे काम करावे लागते. ते बंद झाल्यावर त्यास वाव राहत नाही.